माळ्यावरची कुऱ्हाड

२००७ साली आम्ही न्यू ऑर्लिन्सच्या जेंटिली भागात घर घेतलं. सामान लावून व्हायच्या आत शेजारच्या आजी प्रालीनचा डबा घेऊन आल्या. प्रालीन म्हणजे पीकन घातलेली इथली मऊ चिक्कीच. डबा हातात देता देता त्यांनी विचारलं, "माळ्यावर कुऱ्हाड ठेवलीस का?"

मला वाटलं, आपल्याच इंग्रजीत काहीतरी गडबड आहे. मी हसून मान हलवली. त्या हसल्या नाहीत. १९६५च्या सप्टेंबरात बेट्सी नावाचं हरिकेन आलं तेव्हा त्या लोअर नाइन्थ वॉर्डात राहत होत्या. लग्नाला दोन वर्षं झालेली. रात्री घरात पाणी शिरलं तसे सगळे माळ्यावर चढले आणि मागोमाग पाणीही चढलं. खाली पाणी, वर छप्पर आणि हातात काही नाही. नवऱ्याने लाथा घालून एक फळी उचकटली म्हणून त्या बाहेर पडल्या. गल्लीतले सगळे बाहेर पडू शकले नाहीत. तेव्हापासून या शहरातली जुनी माणसं माळ्यावर कुऱ्हाड ठेवतात. आता आमच्याकडेही आहे. अटलांटिकमधल्या वादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर मानतात, म्हणून दर १ जूनला मी तिच्या पात्यावरून खोबरेल तेलाचा हात फिरवते. आमच्याकडे दसऱ्याला कोयता-विळ्याला हळदकुंकू वाहायचे, तसलंच काहीसं.

'आमच्याकडे' म्हणजे अलिबागच्या खारेपाटात. आजोबांची भातशेती खारबंदिस्तीच्या आत होती. बांधाच्या बाहेर खाडी, आत शेत, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या भरतीला खाडीचं पाणी शेतापेक्षा वर. कधी रात्री कुणीतरी ओरडत यायचं, "खांड गेली!" बांध फुटला की गावातला प्रत्येक पुरुष चिखल नि पेंढा घेऊन धावायचा. खारं पाणी एकदा शेतात बसलं की पुढची दोन-तीन वर्षं भाताचं नाव नको. त्यामुळे न्यू ऑर्लिन्सचा नकाशा मला फारसा समजावून सांगावा लागला नाही. हे एक भलंमोठं खारशेत आहे. त्यात भाताऐवजी माणसं लावलेली आहेत, इतकंच.

१७१८ साली फ्रेंचांनी हे शहर वसवलं ते मिसिसिपी नदीने गाळ टाकून उंच केलेल्या काठावर. जुन्या माणसांना जागा बरोबर कळली होती. फ्रेंच क्वार्टर नावाचा तो जुना भाग २००५च्या कत्रिना हरिकेनमध्येही जवळजवळ कोरडा राहिला. काठामागे पॉनचार्ट्रेन तलावापर्यंत नुसती दलदल होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अल्बर्ट बाल्डविन वूड नावाच्या इंजिनिअरने प्रचंड पंप बनवले, दलदल उपसली गेली आणि तिच्यावर वस्ती चढली. पण दलदलीची जमीन म्हणजे कुजक्या पाल्याचा स्पंज. पाणी उपसलं तशी ती वाळली, आकसली, खाली बसली. जमीन बसली म्हणून आणखी उपसावं लागलं, आणि उपसलं म्हणून ती आणखी बसली. आज जवळजवळ निम्मं शहर समुद्रसपाटीच्या खाली आहे. एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला तलाव, दोन्हीकडे बांध, मध्ये वाडग्यासारखा खोलगट भाग. या वाडग्यात पडलेल्या पावसाच्या थेंबाला स्वतःच्या पायांनी बाहेर जाता येत नाही, त्याला पंपाने उचलूनच न्यावं लागतं. पंपांचा हिशेब सगळ्या शहराला पाठ असतो. पहिल्या तासाला एक इंच, मग दर तासाला अर्धा इंच. एक इंच म्हणजे पंचवीस मिलिमीटर. मुंबईची जुनी गटारंही तासाला पंचवीस मिलिमीटर पावसाच्याच हिशेबाने बांधलेली होती, हे वाचलं तेव्हा मला एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं.

पाऊस हे झालं रोजचं दुखणं. हरिकेनची खरी भीती समुद्राच्या पाण्याची असते. बातम्यांमध्ये वादळाची श्रेणी सांगतात, एक ते पाच. ही सॅफिर-सिम्पसन मोजपट्टी फक्त वाऱ्याचा वेग मोजते. ताशी ११९ किलोमीटरला पहिली श्रेणी लागते, २५२ला पाचवी. पाणी किती येणार याबद्दल ती एक अक्षर बोलत नाही. वादळ शेकडो मैल समुद्रावरून वारा ढकलत येतं, वाऱ्यापुढे पाणी ढकललं जातं, आणि उथळ किनाऱ्यापाशी त्या पाण्याला खाली जायला जागा नसल्यामुळे ते वर चढतं. उंच लाट येऊन फुटते असं चित्र डोळ्यांपुढे आणू नका. समुद्रच काही तासांसाठी मुक्कामाला आत येतो. एक घनमीटर खारं पाणी टनापेक्षा जड असतं, त्यामुळे ज्या भिंतीला वारा हलवू शकत नाही ती भिंत पाणी सहज उचलतं. वादळ किती रुंद, किनारा किती उथळ, येण्याची दिशा कोणती, यावर ते उधाण ठरतं. कत्रिना किनाऱ्याला लागली तेव्हा तिसऱ्या श्रेणीची होती, पण शेजारच्या मिसिसिपी राज्यात तिने आठ मीटरहून उंच पाणी चढवलं. तिथे १९६९चं कमिल हे पाचव्या श्रेणीचं वादळ पाहिलेली माणसं होती. 'कमिलमध्ये इथपर्यंत पाणी आलं नव्हतं, आता काय येतंय,' म्हणून ती घरातच थांबली. नंतर तिकडे लोक म्हणायला लागले की कमिलने १९६९पेक्षा २००५ मध्ये जास्त माणसं मारली.

अशी फसगत आमचीही जवळजवळ झाली होती. नवऱ्याच्या संशोधनाच्या नोकरीसाठी आम्ही २००४च्या जानेवारीत इथे आलो आणि त्याच सप्टेंबरात आयव्हन आलं. सगळं शहर एकदम निघालं. बॅटन रूज इथून १३० किलोमीटर, त्याला आम्हाला अकरा तास लागले. उकाडा, रडणारी पोरं, रस्त्याकडेला बंद पडलेल्या गाड्या. आणि आयव्हन गेलं अलाबामाला! आमच्याकडे धड पाऊसही नाही. परत आल्यावर नवरा म्हणाला, "पुन्हा असलं काही करायचं नाही."

पुढच्या वर्षी २६ जुलैला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. माझा दादा अंधेरीहून ठाण्याला छातीभर पाण्यातून चालत गेला. मी आठवडाभर फोनवर त्याच्याच काळजीत होते. जेमतेम महिना गेला, २६ ऑगस्टचा शुक्रवार आला. सकाळपर्यंत कत्रिना फ्लोरिडाच्या वरच्या भागाकडे जाणार होती. दुपारनंतर अंदाज पश्चिमेला सरकला. त्या संध्याकाळी सुपरडोममध्ये फुटबॉलचा सामना होता आणि माणसं मजेत सामना बघत होती. आम्हाला शनिवारी सकाळी कळलं, तेही घरमालक खिडक्यांवर प्लायवूड ठोकायला आला म्हणून.

आमचं भांडण शनिवारी दिवसभर चाललं. बाहेर लख्ख ऊन. लोक सायकली फिरवतायत. हरिकेनच्या दोन दिवस आधीचं आकाश नेहमीच इतकं सुंदर असतं की निघणारा माणूस स्वतःलाच वेडा वाटतो. 'आयव्हन'चे अकरा तास नवऱ्याच्या डोक्यात होते. माझ्या डोक्यात आजोबांचं शेत होतं. रविवारी पहाटे पाचला आम्ही निघालो. मेयर रे नागिन यांनी सक्तीने शहर सोडण्याचा आदेश काढला तो त्याच सकाळी, आम्ही रस्त्यावर असताना. वादळ किनाऱ्यावर यायला तेव्हा चोवीस तासही उरले नव्हते.

इथे तासांचा हिशेब सांगायला हवा, कारण या शहराचं सगळं गणित त्यात आहे. आमच्या लुइझियाना राज्याच्या स्थलांतराच्या योजनेत मोजणी वादळ कधी आदळणार तिथून होत नाही. ताशी ६३ किलोमीटरचा वारा किनाऱ्याला कधी लागणार तिथून ती उलटी होते. त्या वाऱ्यात बस चालत नाही, पूल बंद होतात, रुग्णवाहिका थांबतात. त्याआधी पन्नास तास बांधाबाहेरच्या सखल गावांनी निघायचं. चाळीस तास आधी त्यांच्या मागच्यांनी. तीस तास आधी न्यू ऑर्लिन्सने. समुद्राजवळच्यांना आधी वाट मिळावी म्हणून शहराने थांबायचं. शहराची पाळी आली की महामार्गाच्या येणाऱ्या लेनही जाणाऱ्यांसाठी उघडतात, त्याला कॉन्ट्राफ्लो म्हणतात. उलट्या लेनमधून गाडी चालवताना सगळे फलक पाठमोरे दिसतात, कुठलं गाव आलं ते कळत नाही. पण ही सोय म्हणजे चार पोलीस उभे केले आणि झालं असं नसतं. शेजारच्या राज्याशी बोलणं, हजारो माणसांची नेमणूक, शेकडो उतार बंद करणं, हे सगळं जमवायला बहात्तर तास धरतात. आणि बहात्तर तास आधी वादळ कुठे जाणार हे कुणालाच नक्की माहीत नसतं. टीव्हीवर तो पांढरा शंकू दाखवतात ना, त्याचा अर्थ एवढाच की वादळाचा मध्य तीनातल्या दोन वेळा या शंकूच्या आत राहतो. तिसऱ्या वेळी बाहेर जातो. शिवाय शंकू फक्त मध्याचा असतो. वादळाचा घेर त्याबाहेर शंभर मैल पसरलेला असू शकतो. 'आपण शंकूच्या बाहेर आहोत' म्हणून निवांत झोपणारे लोक दरवर्षी भेटतात.

ह्यूस्टनला आम्ही चौदा तासांनी पोचलो, एका मराठी मित्राच्या घरी. सोमवारी संध्याकाळपर्यंत वाटलं, वाचलं शहर. मग बांध फुटल्याच्या बातम्या यायला लागल्या. पंपांचं पाणी तलावात नेणाऱ्या कालव्यांच्या भिंतींवरून पाणी गेलं असतं तर समजण्यासारखं होतं. पण सेव्हन्टीन्थ स्ट्रीट आणि लंडन अ‍ॅव्हेन्यू कालव्यांच्या भिंती पाणी माथ्यापर्यंत पोचण्याआधीच खालच्या मऊ मातीसकट सरकल्या. टीव्हीसमोर बसून मी मराठीत म्हणाले, "खांड गेली." मित्राच्या बायकोला काही कळलं नाही. ऐंशी टक्के शहर पाण्याखाली गेलं. आमची तळमजल्यावरची भाड्याची जागा लंडन अ‍ॅव्हेन्यू कालव्यापासून जवळ होती. तिथे पुढे भिंतीवर पाण्याची रेघ माझ्या डोक्याच्या वर सापडली. लग्नाचा अल्बम लगदा होऊन चिकटला होता. फ्रिज उघडायची चूक मी केली. तो वास शब्दांत सांगण्यासारखा नाही, आणि सांगूही नये. त्या वर्षी शहरभर फुटपाथवर टेप गुंडाळलेले हजारो फ्रिज उभे होते, त्यांच्यावर लोकांनी राजकारण्यांना उद्देशून विनोद लिहिले होते.

पण त्याआधी आणखी एक प्रकार घडला. ह्यूस्टनमध्ये आम्हाला चार आठवडेही झाले नव्हते तोच रीटा आली, थेट ह्यूस्टनवर येणार म्हणून. कत्रिनाची दृश्यं ताजी होती, घाबरून पंचवीस लाखांहून अधिक माणसं एकाच वेळी निघाली. ज्यांना धोका नव्हता तेही निघाले आणि ज्यांनी खरंच निघायला हवं होतं ते त्यांच्या मागे अडकले. आम्ही चार तासांत वीस किलोमीटर गेलो आणि गुपचूप मागे वळलो. टेक्सासात त्या निघण्यातच शंभरेक माणसं दगावली. वृद्धाश्रमातल्या लोकांना नेणारी एक बस डॅलसजवळ पेटली, ऑक्सिजनच्या नळकांड्यांमुळे आग भडकली, तेवीस जण गेले. रीटा शेवटी ह्यूस्टनला चुकवून टेक्सास-लुइझियानाच्या सीमेवर लागली. तेव्हापासून 'सगळ्यांनी निघा' असं कुणी म्हटलं की मी विचारते, सगळ्यांनी म्हणजे कुणी?

कत्रिनात मृतांचा आकडा वर्षानुवर्षं १,८३३ सांगितला जायचा. २०२३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय हरिकेन केंद्राने तो फेरतपासून १,३९२ केला. लुइझियानातल्या मृतांपैकी जवळजवळ निम्मे पंचाहत्तरीच्या आसपासचे किंवा त्यापुढचे होते. जगाने टीव्हीवर सुपरडोममध्ये आसऱ्याला आलेली गर्दी पाहिली आणि विचारलं, हे लोक वेळेवर का निघाले नाहीत? शेजारच्या आजींची धाकटी बहीण त्यांच्यात होती. तिच्याकडे गाडी नव्हती. शहरात अशी लाखभर माणसं होती. तारीख २८. पेन्शनचा चेक एक तारखेला यायचा. हातात तीस डॉलर. मोटेलची एक रात्र त्याहून महाग. महिनाअखेरीला वादळ येतं तेव्हा काय होतं ते आपल्या लोकांना वेगळं सांगायला नको. ती सुपरडोममधून बसने ह्यूस्टनला गेली आणि परत आलीच नाही. २००० साली या शहरात ४ लाख ८५ हजार माणसं होती. २०२०च्या जनगणनेत ३ लाख ८४ हजार.

दुसरं एक कारण मी स्वतः पाहिलंय, ते म्हणजे कुत्री. निवाऱ्यात प्राणी घेत नव्हते, म्हणून कितीतरी एकटी म्हातारी माणसं घर सोडायला तयार झाली नाहीत. २००६ मध्ये अमेरिकेच्या संसदेने कायदाच केला की इव्हॅक्युएशनच्या योजनेत पाळीव प्राण्यांची सोय असलीच पाहिजे. इथे आल्या आल्या मी या कुत्र्यामांजरांच्या लाडांना हसत असे. आता हसत नाही. गोठ्यातली गाय सोडून निघालेला शेतकरी मी तरी पाहिलेला नाही.

ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांच्यासाठी शहराने नंतर स्वतःची बससेवा आखली. सतरा ठिकाणं ठरली. तिथून बसने रेल्वे स्थानकावर जायचं, नाव नोंदवून मनगटाला पट्टी बांधून घ्यायची, मग बस किंवा रेल्वेने उत्तरेकडच्या निवाऱ्यात. २००८च्या गुस्ताव्ह वादळात पहिली खरी परीक्षा झाली. सुमारे अठरा हजार माणसं अशी बाहेर गेली आणि दक्षिण लुइझियानातून एकूण एकोणीस लाखांच्या आसपास. स्वयंसेवक म्हणून मी स्थानकावर नोंदणीच्या टेबलाशी होते. एका बाईने सामानात काय आणलं होतं? नवऱ्याचा ट्रम्पेट आणि लोखंडी कढई. औषधं घरी. तेव्हा ठरवलं की यादी छापून दारामागे चिकटवायची. घाईत माणूस सगळ्यात आवडती वस्तू उचलतो, गरजेची नाही. २०१३ मध्ये बस पकडायच्या त्या ठिकाणांवर शिल्पकार डग्लस कॉर्नफेल्ड यांचे चौदा फुटी स्टीलचे पुतळे उभे राहिले. हात वर करून बस थांबवणारा माणूस, मुलं काडीची माणसं काढतात तसा. उन्हात तो चमकतो, लांबून दिसतो, आणि वाचता न येणाऱ्यालाही कळतो. सरकारी फलकापेक्षा मला तो शंभर पटीने पटला.

दरम्यान लष्कराच्या अभियंता दलाने साडेचौदा अब्ज डॉलर खर्चून शहराभोवती नवे बांध, दरवाजे आणि पंप उभारले. पूर्वेला बोर्न सरोवराच्या तोंडाशी जवळजवळ तीन किलोमीटरची भिंत आहे. आजोबांच्या बांधालाही उघाडी होती, ओहोटीला उघडायची, भरतीला मिटायची; हे तिचंच अवाढव्य रूप. या व्यवस्थेच्या नावात पूर्वी 'संरक्षण' हा शब्द होता. आता तिथे 'धोका कमी करणारी' असं लिहितात. सरकारी कागदावर एवढा प्रामाणिक बदल क्वचित होतो. कुठल्याही एका वर्षी येण्याची शक्यता एक टक्का आहे, एवढ्या वादळापर्यंत ती बांधलेली आहे. त्याहून मोठं आलं तर पाणी वरून येणार. आणि ज्या मातीवर ते बांध उभे आहेत ती अजूनही बसतेच आहे.

२९ ऑगस्ट २०२१ला, कत्रिनाला बरोबर सोळा वर्षं होताना, आयडा आली. तिने सगळ्यांचं घड्याळच मोडलं. गुरुवारी ती कॅरिबियन समुद्रात नुसती बारीकशी गरगर होती आणि रविवारी दुपारी ताशी २४० किलोमीटरच्या वाऱ्यासह किनाऱ्यावर. मेक्सिकोच्या आखातातल्या उबदार पाण्यावर एका रात्रीत ती दुसऱ्या श्रेणीतून चौथीत गेली. मेयर लाटोया कँट्रेल यांनी शुक्रवारीच सांगून टाकलं की बांधाच्या आतल्या भागासाठी सक्तीचा आदेश काढण्याइतका वेळ उरलेला नाही. कॉन्ट्राफ्लो होणार नाही. आम्ही थांबलो. बांधावर विश्वास होता, आणि खरंच, बांध टिकले. घरात थेंब आला नाही.

मात्र शहराला वीज आणणाऱ्या आठही मोठ्या वाहिन्या त्या संध्याकाळी गेल्या. एक मनोरा तर नदीत कोसळला. पंखा नाही, एसी नाही, रात्रीसुद्धा अंगाला चिकटणारा उकाडा. शहरात आयडाच्या बळींपैकी बहुतेक या उकाड्याचे होते, वाऱ्या-पाण्याचे नव्हते. काही घरांत दार-खिडकीजवळ लावलेल्या जनरेटरच्या धुराने माणसं झोपेतच गेली. तिसऱ्या दिवशी शेजारच्या आजींनी मला त्यांच्या मेलेल्या मुलीच्या नावाने हाक मारली. कातडी कोरडी, घाम येणं थांबलेलं. आम्ही त्यांना गाडीत घातलं, एसी लावला, ओले टॉवेल गुंडाळले आणि पश्चिमेला लाफायेटपर्यंत नेलं, जिथे दिवे होते. टाकी भरलेली होती म्हणून जमलं. वाटेतल्या पंपांवर दोन-दोन किलोमीटरच्या रांगा होत्या. जून ते नोव्हेंबर गाडीची टाकी अर्ध्याखाली येऊ द्यायची नाही, हा नियम मी अगदी गुस्ताव्हपासून पाळतेय आणि त्यावरून घरात टोमणेही खाल्लेत.

नियम म्हणावेत असे आणखी थोडेच आहेत. फ्रीजरमध्ये पाण्याचा पेला गोठवून त्यावर एक नाणं ठेवायचं. परत आल्यावर नाणं वरच असेल तर वीज फार वेळ गेली नव्हती. तळाशी असेल तर आतलं सगळं फेकून द्यायचं. दोन आठवड्यांची औषधं, रोख पैसे (वीज गेली की कार्डं म्हणजे नुसतं प्लास्टिक), कागदपत्रं, घराचे खोलीवार फोटो. पुराचा विमा वेगळा काढावा लागतो, घराच्या साध्या विम्यात पूर बसत नाही. आणि तो काढल्यावर तीस दिवसांनी लागू होतो, म्हणजे वादळ टीव्हीवर दिसल्यावर धावपळ करून उपयोग नाही. नुसत्या पावसाची भीती असेल तर गाडी 'न्यूट्रल ग्राउंड'वर नेऊन लावायची. रस्त्याच्या मधल्या उंच दुभाजकाला इथे असं म्हणतात. एरवी तिथे गाडी लावली तर दंड, पण पुराचा इशारा आला की शहर स्वतःच परवानगी जाहीर करतं.

आयडाच्या आधी, ३ जून २०२० रोजी, काळजीचा फोन उलट्या दिशेने, इथून गावाकडे झाला. निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या आसपास लागणार होतं आणि आई एकटी गावात होती. मी तिला शंकू समजावत होते, ती मला करोनाच्या दिवसांत शाळेत पन्नास माणसांत कसं बसायचं ते विचारत होती. तलाठी आणि गावातली पोरं सकाळीच तिला शाळेत घेऊन गेली. तिचं इव्हॅक्युएशन पाचशे पावलांचं होतं, वाऱ्यापुरतं. संध्याकाळी घरी आली तेव्हा कौलं उडाली होती आणि दारातल्या सहा पोफळी आडव्या. ओडिशात १९९९ला दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. त्यानंतर त्यांनी गावागावात पक्के निवारे बांधले आणि २०१९च्या फनी वादळाआधी बारा लाख लोक तिथे हलवले. बहुतेक चालत किंवा छोट्या गाडीने. मला त्यांचा हेवा वाटतो. आमच्या वाडग्यात उंच जागाच नाही, म्हणून आम्हाला पाचशे पावलांऐवजी साडेपाचशे किलोमीटर जावं लागतं. आणि जायचं म्हटलं की गाडी, पेट्रोल, मोटेल, रजा. थांबणं किती महाग पडेल ते कुणालाच आधी कळत नाही, निघण्याची किंमत मात्र आधीच मोजावी लागते.

गेल्या खेपेचं, म्हणजे सप्टेंबर २०२४चं फ्रान्सिन आमच्याच आखातात जन्मलं. सोमवारी सकाळी त्याचं बारसं, बुधवारी संध्याकाळी ते किनाऱ्यावर. मध्ये पंचावन्न तास. शहराला घरातच थांबायला सांगितलं होतं. मी सोमवारी दुपारी कामावरून आले तर शेजारच्या आजी आमच्या पायऱ्यांवर बसलेल्या. एक्क्याऐंशी वर्षांच्या, डोक्यावर रविवारची चर्चची टोपी, शेजारी बॅग, बॅगेवर औषधांचा डबा.

"मेयर थांबा म्हणतायत," मी म्हणाले.

"मेयरबाईंकडे जनरेटर आहे," त्या म्हणाल्या. "ह्यूस्टनला किती तास?"

रस्ता मोकळा होता, सहा तासांत पोचलो. त्यांच्या बहिणीकडे चार रात्री राहिलो. दोघी बहिणींनी १९६५च्या त्या फळीची गोष्ट मला दोन वेगवेगळ्या प्रकारे सांगितली आणि त्यावरून भांडल्या. शुक्रवारी परत आलो. फ्रान्सिन दुसऱ्या श्रेणीचं होतं. गल्लीत पाणी साचून गेल्याची गाळाची रेघ होती, घरं कोरडी होती, नाणं पेल्यात वरच होतं. समोरचे काका झाडाच्या फांद्या गोळा करता करता म्हणाले, "उगाच वणवण केलीत."

आजींनी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. पर्समधून मोजून निम्म्या पेट्रोलचे पैसे काढले, माझ्या हातात कोंबले आणि म्हणाल्या, "पुढच्या वेळी ते तुझं लिंबाचं लोणचं जास्त घे. बहिणीने बाटली ठेवून घेतली."